सीसीवाल्यांना फाशी

शनिवार, ३ जुलै २००४. सकाळी ८.१०
इनबॉक्समध्ये चारशे बारा मेल. एकेकाचा गळा दाबावासा वाटतो. आजपासून युद्ध. आउटलूकची सगळी मांडणी बदलणार.
ऑपरेशन्स मॅनेजरची खुर्ची दोन महिने रिकामी आहे. आमचे मालक, म्हणजे अरबाब, म्हणाले की सूर्यकांत, जुलैभर तुझं काम बघतो. मिळालीच समजा. माझ्या सध्याच्या हुद्द्यावर फॅमिली व्हिसा रिन्यू होत नाही. खुर्ची गेली तर शोभना आणि शुभ्रा ऑगस्टमध्ये पुण्याला. मग मी एकटा, आणि दोन वेळा हॉटेलातली खबूसची कोरडी रोटी.

दुपारी २
डावीकडची फोल्डरांची यादी उडवली. खालची वाचायची खिडकी ठार केली. अरबाबची मेल लाल, बाकी प्रजा काळी. माऊस मध्येच अडकला. भिंतीवर आपटला. फुटला. क्वालिटीच नाही हल्ली. मी अगदी शांत होतो.

रविवार, ४ जुलै
नवा माऊस पस्तीस दिरहॅम. म्हणजे चारशे तीस रुपये, असं शोभना जेवताना तीन वेळा म्हणाली.
पण शत्रू सापडला. सीसी! पत्र दुसऱ्याला, आपल्याला नुसती प्रत. म्हणजे पंगतीत बसवायचं नाही, वास तेवढा द्यायचा. माझ्या पोझिशनच्या माणसाला! फिल्टर लावला: 'टू'च्या ओळीत फक्त मी असेन तीच मेल दिसेल. ओके दाबलं. चारशे बाराच्या नऊ झाल्या. एका फटक्यात कत्तल. अंगावर काटा आला.
नवांपैकी चार शोभनाच्या मावसबहिणीचे, समिधाचे विनोद. तीन बँकेच्या. दोन लॉटरीच्या. बाकीच्यांना आता जरब बसेल.
शुभ्राला सांगितलं. ती म्हणाली, बट पपा, व्हॉट इफ इट्स इम्पॉर्टंट? मी म्हटलं, इम्पॉर्टंट लोक मला थेट लिहितात. ती म्हणाली, लाइक हू? तिच्या कम्प्युटरची वायर उपटली.

बुधवार, ७ जुलै
इनबॉक्स शून्य. सकाळपासून शून्य. दीड तास बघत बसलो. काय ती शांतता!
साडेअकराला ती किसनने मोडली. किसन म्हणजे आमच्या रास अल खोरच्या गोदामाचा मुकादम, माणगावकडचा, पंचावन्नचा, बैलासारखा. म्हणे, नाशिकच्या कांद्याचे दोन कंटेनर खोर फक्कानच्या बंदरात पडून आहेत, थंड करायचं मशीन बंद पडलंय, तुमच्याकडून उत्तर गेलं नाही. मी म्हटलं, मेल कर. म्हणाला, मला इंग्रजी येत नाही. मी म्हटलं, मग शीक. टेबलावर मूठ आपटून सांगितलं. काच तडकली. आधीच तडकलेली असावी.

शनिवार, १० जुलै
किसन पुन्हा. बरोबर ट्रान्सपोर्टचा याकूब. याकूबने त्याला मेल लिहून दिली होती. किसन हसत म्हणाला, अरबाबना लिहिलंय साहेब, तुम्हाला मानानं सीसीत घेतलंय.
मानानं!
स्टेपलर भिरकावला. नेम किसनवर होता, लागला याकूबच्या कानाला. तो कान धरून म्हणाला, हबीबी, उधर छियालीस डिग्री है, प्याज खलास हो जाएगा. मी म्हटलं, मला मेल येईल तेव्हा बघीन, इन्शाल्ला. यल्ला, निघा. दार आपटलं. बिजागरी तकलादू आहे.

सोमवार, १२ जुलै
अरबाबचा फोन. कांदा कुठे? मी म्हटलं, सर, माझ्याकडे एकही मेल पेंडिंग नाही. गुड, म्हणाले. गुड! शोभनाला नव्या पडद्यांचं कापड बघून ठेवायला सांगितलं. खुर्ची आलीच.

गुरुवार, १५ जुलै
कंटेनर शेवटी अरबाबनी याकूबला पाठवून परस्पर आणवले. माझा अधिकार डावलून. हे मी विसरणार नाही.
गोदामात कंटेनरचं दार उघडलं आणि कांदा वाहत बाहेर आला. काळं पाणी. अरबाबनी नाकाला रुमाल लावला आणि माझ्याकडे बघितलं. मी समजावून सांगणार तोच छातीवर एक कुजका कांदा फुटला. किसन. दुसरा कपाळावर. म्हणत होता, आठ दिवस बोंबलतोय, आठ दिवस!
मी धावून गेलो. त्याची कॉलर धरली. पुढचं नीट आठवत नाही, दोघं चिखलात होतो आणि तो वर होता. मी त्याच्या दंडाला चावलो, हे नक्की. याकूबने पाय धरून मला ओढून काढलं. एक दात पडला. त्याचा की माझा, सांगता येत नाही. पण एकूण मीच भारी पडलो.

शनिवार, १७ जुलै. सकाळी ९
दात माझा.
कांद्याची आणि मारामारीची चौकशी होणार; तीत सगळ्यांची तोंडं बंद करायची, तर पुरावा हवा. म्हणून फिल्टर काढला.
न वाचलेल्या मेल एकशे सदतीस. सगळ्या सीसी. पहिली चार तारखेची, खोर फक्कानच्या एजंटची: मशीन बंद आहे, माल दुसऱ्या कंटेनरमध्ये हलवू का? फक्त 'यस' कळवा. नंतर रोज एक. एका शब्दाचं उत्तर हवं होतं.
मग जुन्या मेल उलटत गेलो. सहा वर्षांत कामाची एकही मेल मला थेट आलेली नाही. एकही.
सगळ्यात वरची आजची. लाल. अरबाबकडून, टू: याकूब. उद्या पहाटे पाचच्या लेबर बसमध्ये एक सीट वाढव, सूर्यकांत गोदामात, किसनच्या हाताखाली. आणि त्याच्या फॅमिलीची मुंबईची दोन तिकिटं काढ. वन-वे.
सीसी: मी.
कीबोर्ड उचलला. मग हळूच खाली ठेवला. शोभना आज पडद्याचं कापड आणायला गेली आहे. फार वाईट वाटलं. रडलो.
'नोटेड' असं उत्तर लिहिलं. कोणाला पाठवावं सुचेना, म्हणून टू-मध्ये माझंच नाव घातलं आणि फिल्टर परत लावला.
लगेच टुंग वाजलं. एक मेल. मलाच.