वेष्टन काढलेली वडी

॥ श्री गुरू बसवलिंगाय नमः ॥

लातूर,
२० जानेवारी १९८३

चि. सुमंगल हिस शिवकांताआत्याचे अ. उ. आ.

तुझा फोटो पोचला. फोटोवाल्याने ब्रश मारून गालांवरच्या पुटकुळ्या बुजवल्या आहेत, पण रंग बुजवायला त्याला जमलेलं नाही. दादाला सांग, असे पैसे पुन्हा घालवू नकोस.

आमचा शिवलिंग नव्या कलेक्टर कचेरीत नोकरीला लागल्याचं कळवलंच आहे. लातूर जिल्हा झाल्यापासून इथे रोज कोणी ना कोणी साहेब बदलून येतो, आणि त्याच्या पाठोपाठ मुलींचे बाप येतात. भावाच्या मुलीवर माझ्या घरचा पहिला हक्क आहे आणि तो मी सोडलेला नाही. पण हक्क आहे म्हणून डोळे मिटून सून करून घेईन, असं समजू नकोस. साहेबांच्या बायकांत उभा करता येईल असा चेहरा हवा. शिवलिंगला विचारलं तर तो म्हणतो, आई म्हणेल तसं.

तू तोंड कशाने धुतेस ते सविस्तर कळव. साबण घेताना कागदावरची नटी बघू नकोस, मागे बारीक अक्षरात काय घातलंय ते वाच. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले ती उगाच नाही. साबण म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा. बाकी सगळा वास आणि रंग. पाण्याची सबब सांगू नकोस. इथेही टँकर आला तरच पाणी आहे.

वहिनीला नमस्कार. माझी माया आहेच, ती टिकवणं तुझ्या हाती आहे.

तुझी आत्या,
शिवकांता

*

नांदेड,
८ फेब्रुवारी १९८३

ती. सौ. आत्याबाईंना सुमंगलचा शि. सा. नमस्कार.

तुम्ही विचारलंत म्हणून नीट प्रयोगच केला. उजव्या गालाला साबण, डाव्या गालाला बेसन आणि साय. आमच्या गल्लीत आता बोअरचंच पाणी आहे. त्यात साबणाला फेस येत नाही, दह्यासारखा पांढरा साका होतो आणि तो कातडीला चिकटून बसतो. उजव्या गालावरच्या पुटकुळ्या त्यानेच वाढल्या. डावा गाल बरा राहिला. मैत्रिणीकडचं क्लेन्सिंग मिल्कही लावून पाहिलं. त्यात खनिज तेल, मेण आणि बोरॅक्स. कापसाने पुसायचं, पाणी लागत नाही. दुष्काळात एवढं एकच सोयीचं. आई म्हणते, डावीकडून पाहिलं तर पोरगी दिसते आणि उजवीकडून पाहिलं तर तिची सासू.

आणखी एक लिहायचं आहे. उदगीरच्या एका भुसार दुकानदारांनी मुलासाठी विचारलं आहे. मुलाचं नाव रेवणसिद्ध, तिथल्या हायस्कुलात गणित शिकवतात. आमच्या कॉलेजच्या प्रदर्शनात त्यांनी माझा कठीण पाण्याचा प्रयोग पाहिला आणि मला खूप खोदून प्रश्न विचारले. फोटो मात्र मागितला नाही. बाबांनी त्यांना सांगितलं की आत्याचा हक्क आहे. तिने खण-नारळ देऊन मुलीला मोकळं केल्याशिवाय आमच्या घरात दुसरीकडे बोलणं लावत नाहीत.

आत्याबाई, तुमचा होकार असेल तर तसं कळवा. नसेल तर मला मोकळं करा. मोठ्या मनाने एवढं कराल, असा विश्वास आहे.

आपली,
सुमंगल

*

लातूर,
२४ फेब्रुवारी १९८३

चि. सुमंगल हिस अ. उ. आ.

अर्धा चेहरा असा आणि अर्धा तसा, हा शहाणपणा तुला कोणी शिकवला? आमच्या बायका काय तुला एका बाजूने बघणार आहेत? बोअरच्या पाण्यात साबण फाटतो हे मला तुझ्याकडून कळायला नको. बेसनाने तेल निघतं आणि क्लेन्सिंग मिल्कने मळ निघतो. वर्ण दोन्हींनी निघत नाही. तुलना छान केलीस, पण तुलना करून कोणी गोरं होत नाही.

गंजगोलाईतल्या एका दुकानदाराकडून बाहेरदेशी साबणाच्या तीन वड्या आणल्या. त्यातली एक नांदेडला निघालेल्या शेजाऱ्यांच्या हाती पाठवते. वेष्टन मी काढून टाकलंय. तू धुवायचं सोडून वाचत बसशील. झोपताना फेस लावायचा, तसाच ठेवायचा आणि सकाळी ओल्या फडक्याने पुसायचा. पाणीही वाचेल.

माझी धाकटी जाऊ बसम्मा पुढच्या महिन्यात तुला बघायला येईल. आमची रीत तुला ठाऊक आहे. ओल्या पांढऱ्या रुमालाने ती तुझं तोंड पुसून बघेल. रुमालाला पावडर लागली, तर बोलणं तिथेच संपलं.

उदगीरवाल्यांना थांबायला सांग. मास्तर लोकांना थांबायची सवय असते.

अभ्यास आणि चेहरा, दोन्हींकडे लक्ष दे. तरच आमचा लोभ.

आत्या

*

नांदेड,
२९ मार्च १९८३

ती. सौ. आत्याबाईंना शि. सा. नमस्कार.

बसम्माकाकू येऊन गेल्या. त्यांनी रुमाल ओला करून माझं तोंड पुसलं. पावडर मी लावलीच नव्हती. रुमालाला माझी कातडी लागली. काकू आईला म्हणाल्या की पोरगी गुणाची हाय, पण तोंडाचं तेवढं बघा. मग रुमालाची घडी करून त्यांनी तो पिशवीत ठेवला. तुम्ही पाहिलाच असेल.

आधी रंग खरंच उजळला होता. खोटं कशाला लिहू, आरशासमोरून हलवत नव्हतं. मग गाल भाजल्यासारखे झाले, सालपटं निघाली, आणि आता डोळ्यांखाली काळे चट्टे आहेत. इथल्या वजिराबादच्या एका दुकानात तशीच वडी वेष्टनासकट मिळाली. मागे लिहिलंय, मर्क्युरिक आयोडाइड, एक टक्का. कॉलेजात सरांना दाखवलं. ते म्हणाले की हा पारा आहे, कातडीतून आत जातो आणि मूत्रपिंडात बसतो. चट्टे जातील की नाही, हे त्यांना सांगता आलं नाही.

आत्याबाई, वेष्टन काढण्याआधी तुम्ही ते वाचलं होतं का?

रेवणसिद्ध घरी येऊन गेले. मी तोंड झाकलं नाही. त्यांनी चट्टे पाहिले आणि बाबांना म्हणाले की माझी काही हरकत नाही. पण त्यांच्या वडिलांचा तुमच्या घराशी व्यापार आहे. लातूरकरांचा नारळ आल्याशिवाय ते पुढे येणार नाहीत, आणि पाडव्यापलीकडे थांबणारही नाहीत. पाडव्याच्या आत खण-नारळ पाठवा. याउपर मी तुमच्याकडे काही मागणार नाही.

तुमच्या पाया पडून लिहिते आहे.

सुमंगल

*

लातूर,
३० एप्रिल १९८३

चि. सुमंगल हिस अ. उ. आ.

वाचलं होतं. मला पारा शिकवू नकोस. एक टक्क्याने कोणी मरत नाही. बेसनाने उजळायला तुला नातवंडं झाली असती, आणि शिवलिंगला तेवढा वेळ नव्हता. तूच हावरटपणाने जास्त चोळलं असशील.

शिवलिंगचं निलंग्याच्या मडिवाळप्पांच्या पंचफुलाशी ठरलं. मुलगी दुधासारखी आहे. त्यांचा होकार यायला पाडवा उलटून गेला. तोवर हातातली मुलगी मी सोडली असती आणि निलंग्याचा नकार आला असता, तर माझ्या मुलाने काय करायचं होतं? तू आई झालीस की तुला कळेल.

मास्तराचं दुसरीकडे जमल्याचं कानावर आलं. तेव्हा आता घाई उरली नाही. खण-नारळ या पत्राबरोबरच पाठवला आहे. आजपासून तू मोकळी. खण गडद रंगाचा घेतलाय, फिका तुला शोभत नाही.

लग्न वैशाखात आहे. चार दिवस आधी ये. पाहुण्यांच्या पाण्यासाठी टँकरवर उभं राहायला घरचं माणूस लागेल. तोंडावर पदर घे म्हणजे कोणी विचारणार नाही. पंचफुला गोरी असली तरी या उन्हात काळवंडेल, म्हणून उरलेल्या दोन वड्या तिला निलंग्याला पाठवल्या आहेत. वेष्टनं काढूनच.

आहे तसा लोभ पुढेही राहील.

आत्या

*

नांदेड,
९ मे १९८३

सौ. आत्याबाईंना नमस्कार.

खण-नारळ पोचला. आईने तो हातात घेतला आणि तशीच दारात बसली. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. उदगीरहून लग्नपत्रिका आली आहे. तिच्यावर पत्ता रेवणसिद्धांच्या अक्षरात आहे, बाकी काही लिहिलेलं नाही.

लग्नाला मी येणार नाही. टँकरवर दुसरं कोणी उभं करा.

पंचफुलाला मी पत्र लिहिलं आहे. वडीत काय आहे, माझ्या तोंडाचं काय झालं आणि ती वडी मला कोणी दिली, हे सगळं त्यात आहे. बंद पाकीट तिच्या हाती पडू दिलं असतं की नाही कोण जाणे, म्हणून पोस्टकार्डावर लिहून मडिवाळप्पांच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकलं. आधी पोस्टमन वाचेल, मग मुनीम, मग दुकानात बसलेली माणसं. तिच्यापर्यंत पोचेस्तोवर ते सगळ्या निलंग्याला पाठ झालेलं असेल. चौकशी झाली तर बसम्माकाकूंच्या रुमालाबद्दलही सांगेन.

सोयरीक मोडायला लिहिलं असं तुम्ही म्हणाल. मी पोरगी वाचवायला लिहिलं. त्यात सोयरीक मोडली तर मोडली. मोडली की तुम्हाला तुमचा हक्क आठवेल, आणि बाबा तुम्हाला नाही म्हणू शकणार नाहीत, हे मला माहीत आहे. म्हणून काल संध्याकाळी बाबांच्या डोळ्यांदेखत तुमचा नारळ मी उंबऱ्यावर फोडला आणि खोबरं सगळ्या गल्लीत वाटलं. मी मोकळी झाले याला आता सगळी गल्ली साक्षीला आहे.

आजवर केलात तेवढा लोभ पुरे.

सुमंगल