वाळूवर कोण बसणार

प्रिय नेलिस,

इद्रिसचा उजवा हात कोपराच्या खाली कापून टाकावा लागला. काल इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी बाबांना समोर बसवून स्वतः सांगितलं. जीव वाचलाय. ते तुला डोंगरापलीकडेही कुणी ना कुणी कळवलं असेल. हाताचं कळवायला कुणी धजणार नाही, म्हणून आधी तेच लिहिलं.

वनखात्याची बोट तुझ्या होडीला आडवी आली तेव्हा मी किनाऱ्यावर मासे वाळत घालत होते. तू बाटल्या समुद्रात भिरकावायला लागलास. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, बूड कापून प्रत्येकीत एक काकाकुवा डोक्याकडून कोंबलेला, चोचीला चिकटपट्टी. लाटांनी त्या माझ्या पायाशी आणून टाकल्या. मी मासे कापायच्या सुरीनं एकेक फाडत गेले. आतले पक्षी ओल्या चिंध्यांसारखे बाहेर पडत होते, माना लुळ्या. एकच जिवंत निघाला. पाखरं धरायला तू फांद्यांना फासतोस त्या नीरफणसाच्या चिकानं त्याचे पंख अंगाला चिकटलेले, आणि ते सोडवताना कातडीही सुटून आली. चिकटपट्टी काढताच त्यानं माझा अंगठा हाडापर्यंत फोडला. मी ओरडलेसुद्धा नाही. फोडू दे म्हटलं.

आता तो वनखात्याच्या पक्षीघरात आहे. मी रोज कनारीच्या झाडाच्या बिया घेऊन जाते. माझ्या हातून खातो, पण पुरुषाचा आवाज आला की गजांवर डोकं आपटतो, रक्त येईपर्यंत. बाबा आले तेव्हा तर फारच. तुझा नि त्यांचा आवाज एकच ना.

बोटीवरच्या इद्रिसला तू ओळखलं नाहीस, हे मी सगळ्यांना सांगते आहे. तोंडाला फडकं होतं, अंगात खात्याचा गणवेश. कोयत्याचा पहिला घाव त्यावर खपेल. पण मग फडकं गळून पडलं, नेलिस. मी किनाऱ्यावरून ओळखलं, तू तर हातभर अंतरावर होतास. त्याच्याकडे जाड सोटा होता. तुझं तोंड दिसताच त्यानं तो खाली केला. आपल्या नि त्यांच्या गावानं भाऊपणाची शपथ घेताना एका पेल्यातून एकमेकांचं रक्त प्यालंय. तिथल्या माणसानं आपल्यावर हात उगारायचा नसतो, म्हणून तो थांबला. तुला वाटलं, घाबरला. तू दुसऱ्यांदा कोयता घातलास, आणि होडी किनाऱ्याला टाकून डोंगरात पळालास.

आपल्या चर्चचं छप्पर त्यांनी घातलं, त्यांच्या मशिदीचे खांब आपण वाहिले. तू लहानपणी त्यांच्या बागेतली फळं न विचारता खायचास आणि इद्रिसची आई वर भात वाढायची. "हा पोरगा आमच्यात जन्मायचा, चुकून तुमच्यात आला," म्हणायची. परवा इस्पितळात मी तिच्या पाया पडायला वाकले, तर तिनं पाय मागे घेतले.

काल इद्रिसचा भाऊ रुस्ली आला. खांद्यावर कोयता. बाबा म्हणाले, "बस तरी, पोरा. पाणी घे."

"तुमच्या घरचं पाणी आजवर न विचारता प्यालो, काका. आज विचारलंत तरी नको. कुठंय तो?"

"आम्हाला ठाऊक नाही."

"झाडावर बघा. काकाकुव्यांची पिल्लं काढत असेल."

मग तो किनाऱ्यावर गेला आणि तुझी होडी फोडायला लागला. तिचे तुकडे होईपर्यंत हात थांबला नाही. सगळं गाव उभं होतं, कुणी अडवलं नाही. मिनाआत्या तेवढी पुटपुटली, "बरं झालं. सगळ्यांच्या डोळ्यांत सलत होती मेली." रुस्ली जाताना म्हणाला, "शपथ तुमच्या पोरानं मोडली. आता आमचे हातही मोकळे."

पोलीसही तुला शोधताहेत, पण त्यांच्यासाठी मी हे लिहिलं नसतं. दोन्ही गावांच्या म्हाताऱ्यांनी ठरवलंय : ज्यानं भावाचं रक्त सांडलं त्यानं उघड्या अंगानं किनाऱ्याच्या वाळूवर बसायचं, आणि ज्याचं सांडलं त्यानं काय करायचं ते सांगायचं. असा बसलेला माणूस आजोबांनीही पाहिला नव्हता, त्यामुळे इद्रिस काय सांगेल याचा कुणालाच अंदाज नाही. डॉक्टरीणबाई नको म्हणत असतानाही तो स्वतः येतोय. रविवारी आपली प्रार्थना आटोपली की भरतीबरोबर त्यांच्या होड्या लागतील. रुस्लीला कोयता घरी ठेव असं कुणी म्हटलेलं नाही. अपराधी आला नाही तर त्याच्या घरचा थोरला पुरुष बसतो. बाबांनी आईला सांगून टाकलंय, रविवारी प्रार्थनेनंतर घालायला त्यांचा सदरा काढून ठेवू नकोस, लागणार नाही.

तुझीच,
बातसेबाताई