जवळचा पाडा आधी

बुध., ६ ऑगस्ट
जव्हार-मोखाड्याच्या पोरींनो, घरची बोली एक आणि शाळेची मराठी दुसरी. ही दुसरी नीट यायच्या आधीच आपल्याला तिच्यातलं एक उत्तर पाठ करवलं गेलं. "कळलं का?" "हो गुरुजी."
१५ ऑगस्टच्या भाषणाची सुरुवात. वसतिगृहातल्या नव्या मुलींसाठी. झकास.
आणि आज मीच. अल्गोरिदमचा गृहपाठ परत आला. प्रश्न: जीप दर वेळी सर्वांत जवळच्या पाड्यावर आधी गेली, तर एकूण रस्ता कमीत कमी होतो का? सिद्ध करा किंवा खोडून काढा. मी तीन पानं पेटून लिहिलं होतं, होतोच. मॅडमचा लाल शेरा: भाषण उत्तम. सिद्धता कुठे?
दहा मिनिटं समजावलं त्यांनी. "कळलं?" "हो मॅडम." काडीचं कळलं नव्हतं.
सोमवारी पुन्हा द्यायचं. या विषयात नापास झाले तर थीसिस नाही, नुसते तास भरून पदवी. म्हणजे संगणकावर आमच्या बोलीचं जे काम करायचंय, ते संपलं.

शनि., ९, घरी, जामसर
ओट्यावर उभं राहून तिन्ही पानं बाबांना वाचून दाखवली. आई आतून, "मग मत कुणाला द्यायचं?"
बाबा म्हणाले, "नाय कळलं, बाय."
भाषणानंतर असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. लागलं. पुन्हा वाचलं, जोरात.
"आवाज कळला. रस्ता नाय कळला."
त्यांनी काडेपेटी उपडी केली. मधे रिकामी पेटी, ती जीप; काड्या म्हणजे पाडे. उजवीकडे एक किलोमीटरवर एक पाडा, डावीकडे दोनवर दुसरा, उजवीकडेच पाचवर तिसरा. जवळचा आधी धरला तर अकरा किलोमीटर. डावीकडचा आधी उरकला तर नऊ. "शेवटच्या पाड्याची माणसं त्या ड्रायव्हरला काय म्हणतील, ते नको लिहू."
तीन पानं, तीन काड्यांत गेली.

रवि., १०
बाबा जीपपर्यंत सोडायला आले. छत्री माझ्या पिशवीवर, स्वतः भिजत. यंदा निवृत्त होतायत पोशेऱ्याच्या शाळेतून. म्हणाले, आयुष्यभर वर्गाला विचारलं, कळलं का? सगळी हो म्हणायची, मी पुढचा धडा काढायचो. "एकदा तरी थांबायला हवं होतं."
या विषयावर मी तासभर बोलू शकते. छत्री त्यांच्याकडे सरकवली, बस.

सोम., ११
अर्धं पान दिलं. तीन पाडे, अकरा, नऊ. मॅडमनी वाचलं. "हे आधी का नाही सुचलं?"
"मॅडम, त्या दिवशी मला कळलं नव्हतं."
त्यांनी पेनाला टोपण लावलं, स्टूल ओढलं. "बस. कुठपासून नाही कळलं?"
"पहिल्या तासापासून..."

गुरु., १४
गुण अजून नाहीत. भाषण फोनवर बाबांना वाचून दाखवलं. विचारलं, कळलं का? "अर्धं." म्हणून अर्धं कापलं. उरलं ते असं:
पोरींनो, सोमवारी पहिल्याच तासाला "कळलं का?" आलं आणि कळलेलं नसलं, की हात वर करा आणि सगळ्यांसमोर म्हणा, नाही.