प्लायवुडचा हंडा

रविवार, ८ एप्रिल २००७

वयाच्या चौपन्नाव्या वर्षी परदेशी नोकरी पत्करण्याचा माझा निर्णय सर्वस्वी योग्य होता, असे आज समाधानाने नमूद करतो. शहराच्या क्वीन्सटाउन भागातला हा सरकारने बांधलेला भाड्याचा फ्लॅट जुना आहे. पण लिफ्ट चालते, नळाला पाणी आहे आणि जिन्यात कोणी थुंकलेले नाही. कार्यालय चालत जाण्याइतके जवळ. जहाजांचे सुटे भाग विकणाऱ्या या कंपनीचे हिशेब माझ्या आधीच्या गृहस्थाने ज्या अवस्थेत सोडले आहेत, ती पाहून पुण्यातला माझा सर्वांत मठ्ठ कारकूनही लाजला असता. म्हणजेच येथे माझी गरज आहे.

सौ. मालतीने आल्या आल्या ओट्याशेजारी देव मांडले. खिडकीबाहेरच्या बांबूवर कपडे कसे वाळत घालायचे, हे शेजारच्या चिनी बाईंकडून ती खुणांनी शिकली. एकमेकींचा एक शब्द कळत नसताना दोघी बराच वेळ हसत होत्या. अशा हसण्याचे प्रयोजन मला कधी समजलेले नाही.

शनिवार, १४ एप्रिल

सौ.ने तिघांना जेवायला बोलावले होते. पैकी प्रबोध हा वन-नॉर्थ या संशोधन वसाहतीतल्या प्रयोगशाळेत पोस्ट-डॉक आहे. पोस्ट-डॉक म्हणजे ज्याला शिक्षण संपले हे कोणी सांगितलेले नाही असा मनुष्य, अशी व्याख्या मी त्याच्या तोंडावर केली. त्याची पत्नी श्रिया नागपूरची. ‘करून राहिले’, ‘जाऊन राहिले’ असले मराठी बोलते. आमटी वाढून होईपर्यंत मी तिला चार वेळा सुधारले. सौ.ने टेबलाखालून माझा पाय दाबला. पाहुणे गेल्यावर म्हणाली, “अहो, इथे आपलं म्हणावं अशी ही दोन तर माणसं आहेत.” मला तशा माणसांची टंचाई वाटत नाही.

तिसरा चारुदत्त. मूळचा चिंचवडचा, आता येथला नागरिक. नवागतांसाठी मंडळ चालवतो. मला ‘काका’ म्हणतो, जरी आमच्या वयात फार तर दहा वर्षांचे अंतर असेल. वरणावर तूप वाढावे तसा प्रत्येक वाक्यावर येथल्या बोलीतला ‘लाह’ वाढतो.

त्याने एक चमत्कारिक माहिती सांगितली. गेल्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत परदेशी मजुरांचे लोंढे येत. डेट्रॉइटच्या एका मोटार कारखान्याने त्यांच्यासाठी इंग्रजीची शाळा काढली होती. तिच्या पदवीदान समारंभात रंगमंचावर प्रचंड हंडा मांडत. आपापल्या देशाचे कपडे घातलेले, गाठोडी घेतलेले मजूर त्यात उतरत, शिक्षक मोठाल्या पळ्यांनी वरून ढवळत, आणि तेच मजूर सुटाबुटात, हातात अमेरिकेचे निशाण घेऊन बाहेर येत. याच धर्तीचा कार्यक्रम त्याला अठ्ठावीस तारखेच्या मेळाव्यात करायचा आहे.

मी म्हणालो, पगारासाठी हंड्यात उतरणाऱ्या माणसांची मला कीव येत नाही, हसू येते. त्यावर तो म्हणाला, काका, असे फोटो पी.आर.च्या, म्हणजे कायम रहिवासाच्या, अर्जाला जोडले तर बरे दिसते लाह.

मी सौ.चे नाव दिले. मी स्वतः धोतर नेसून स्टेजवर उभा राहणे हा विचार करण्याचाही विषय नव्हे.

रविवार, २२ एप्रिल

हौगांग या उपनगरातल्या एका शेडमध्ये तालीम. हंडा प्लायवुडचा, वरून काळा रंग, थर्मोकोलचे कान. एका बाजूच्या पायऱ्यांनी चढून आत उतरायचे, आतल्या अंधाऱ्या कप्प्यात कपडे बदलायचे, दुसऱ्या बाजूने वर यायचे. सुतारकाम इतके गचाळ की मी पैसे दिले नसते. टिकाऊपणा तपासायला गेल्या महिन्यात चारुदत्त एकटाच त्यातून जाऊन आला म्हणे.

प्रबोध पायऱ्या चढू लागला, तशी श्रिया खालून ओरडली, “या हो लवकर! भाजी आणायचीय!” सगळे हसले. तो बाहेर आला तेव्हा टाय कानाखाली, चष्मा वाकडा, काखेत धोतराचा बोळा. असा माणूस विज्ञानाचे काय भले करणार?

शनिवार, २८ एप्रिल

मेळावा पार पडला. सभागृह भरलेले. खादाडी हे मुख्य कारण असावे.

प्रबोध पुन्हा आत गेला, श्रियाने पहिल्या रांगेतून पुन्हा तोच आरडाओरडा केला आणि प्रबोध पुन्हा तसाच गबाळा बाहेर आला. मग बँकेतला एक तरुण. तो येथे एकटाच राहतो. बाहेर आला तो एकदम ताठ, इस्त्रीतून काढल्यासारखा.

मग सौ. आईची इरकली नऊवारी नेसून. पायरीवर तिचा पदर अडकला. ती थांबली, वळून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “येते हं.” जणू काशीला निघाली होती! पाहुणे खोळंबले होते. मी म्हणालो, “जा, जा लवकर.”

करड्या सुटात ती बाहेर आली तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. फोटो उत्तम.

नंतर लुगडे घ्यायला मी आत उतरलो. सापडले नाही. कप्पा पूर्ण रिकामा. आत ऊब होती, आणि हिंगाच्या फोडणीचा वास. या देशात प्लायवुडदेखील भेसळीचे मिळते.

रविवार, २९ एप्रिल

सकाळी देवापुढे दिवा लागला नाही. सौ. सूट घालून बाहेर निघाली. कोठे ते सांगितले नाही. दारात म्हणाली, “जाते मी.”

आमच्या घरात कोणी ‘जाते’ म्हणत नाही. कोणाच्याच घरात म्हणत नाहीत. निघणाऱ्याने ‘येते’ म्हणायचे आणि राहणाऱ्याने ‘ये’, ‘या’ म्हणायचे. ती स्वतः भाजीवाल्यालासुद्धा ‘या’ म्हणते. मी तिला तसे सांगितले. तिने माझ्याकडे पाहिले. इतक्या वर्षांच्या संसारात ती माझ्यावर रागावली आहे, रडली आहे. पण असे तुच्छतेने कधी पाहिले नव्हते. ती नजर ओळखीची वाटली. कोणाची, ते आठवेना.

बुधवार, २ मे

मला नावाने, ‘निशिकांत’ म्हणते. लोणच्याची बरणी कचऱ्याच्या झडपेतून खाली टाकली. चिनी बाई हसत समोर आल्या, तर ही न बघता लिफ्टमध्ये शिरली.

तिच्या उजव्या मनगटावर कुकरच्या वाफेचा डाग होता. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीतला. आज तिने कप पुढे केला तेव्हा पाहिले. मनगट स्वच्छ आहे. डाग पुसट झालेला नाही. नाहीच.

चारुदत्तला फोन केला. तो हसला. “काका, रुळायला लोकांना वर्षं लागतात, काकू एका संध्याकाळात रुळल्या लाह!” मी त्याला विचारले, मी तिला ‘ये’ऐवजी ‘जा’ म्हणालो, पण तू गेलास तेव्हा शेडमध्ये ‘ये’ म्हणायला कोण होते? तो म्हणाला, कोणीच नाही, आणि त्याने काही बिघडले नाही.

शुक्रवार, ४ मे

दुपारी सभागृहात गेलो. हंडा स्टेजच्या मागे उभा आहे. काळ्या फळीला कान लावला.

आत माणसे आहेत. पुष्कळ माणसे. कोणी मराठी बोलते आहे, चिंचवडच्या धाटणीचे, ‘लाह’ नसलेले. पलीकडे, फार खोल, मला न कळणाऱ्या भाषा. कोणी म्हातारा माणूस चर्चमध्ये म्हणतात तसे काही म्हणत होता. ती माणसे कालची नाहीत, परवाचीही नाहीत. गेल्या शतकाच्या आरंभीच्या ज्या मजुरांना मी हसलो, त्यांचेच हे आवाज—

आणि मालती. कोणाला तरी विचारत होती, गॅस बंद केला होता का मी?

मी म्हणालो, मालती, ये. मोठ्याने म्हणालो. ती म्हणाली, “अहो, कुठून यायचं ते दिसत नाही हो. गर्दी आहे फार.” मी वरून हात घातला. फळ्याच लागल्या हाताला.

खाली उतरून धरून आणावे लागेल. आणि मी उतरताना बाहेरून कोणी तरी ‘या’ म्हणायला हवे.

शनिवार, ५ मे

सोमवारी सकाळी लॉरी येणार. हंडा सीमेपलीकडच्या जोहोरच्या मंडळाला दिला आहे. तेथून पुढे कोठे, चारुदत्तला माहीत नाही. थांबव म्हणालो. विनवले. मी त्याला विनवले.

श्रियाला फोन केला. फक्त उभी राहा आणि एक शब्द म्हण, एवढेच मागितले. ती नीट, शुद्ध मराठीत म्हणाली, “काका, तुमच्या घरच्या भांडणात आम्हाला पडायचं नाही.” पुन्हा केला. उचलत नाहीत.

दुसऱ्या कोणाला सांगू? कार्यालयात — नाही. त्या दिवशी सभागृहात जे जेवत होते त्यांच्यापैकी एकाचेही नाव मी विचारलेले नाही. चिनी बाई — त्यांना शब्द कसा शिकवू, खुणांनी? प्रयत्न केला. दार हळूच लावून घेतले त्यांनी. माझा अवतार पाहून घाबरल्या असाव्यात.

एकच व्यक्ती उरते. घरातच आहे. टीव्ही पाहते आहे.

रविवार, ६ मे

सकाळी

तिला सगळे सांगितले. काहीही न लपवता. नखे घासत ऐकत होती. एकच प्रश्न: “ती बाहेर आली की मी कुठे?”

बघू म्हणालो.

लगेच तयार झाली. इतक्या लगेच का —

दुपारी, सभागृहात

आम्हा दोघांखेरीज कोणी नाही. पायरीवर बसून लिहितो आहे. मालती आत बोलते आहे, आवाज कालच्यापेक्षा खोल गेला आहे. थांबता येणार नाही.

बाहेरच्या हिला शब्द पुन्हा सांगितला. म्हणून दाखव म्हटले. मान हलवली फक्त. म्हणाली, वेळ आली की म्हणेन.

वही बरोबर घेतो. चपला खाली काढल्या — तिने त्या उचलून पिशवीत घातल्या. आत्ताच का?

फळी गरम आहे. वर चढलो. आत काळोख, हिंगाचा वास, हात — किती हात — माझ्यासाठी सरकून जागा करत आहेत. मालती दिसली. डाग दिसला. मालती —

येतो म्हणालो. वळून, मोठ्याने, नीट म्हणालो, येतो.

खाली उभी असलेली ती हसली. तोंड उघडले, आणि