माणसाएवढा कान

सोमवार, ता. ३

ती. ताईस सा. न. वि. वि.

काल रस्त्यावर फोटो काढत होतो आणि तेवढ्यात एका चपला शिवणाऱ्याने कॅमेऱ्याचा पट्टाच धरला. माझा फोटो का काढलास, म्हणाला. तुझा नाही, तुझ्यावर पडलेल्या उन्हाचा काढला, असं मी सांगितलं. मग ऊन घेऊन जा आणि मला पूस, म्हणाला. पुसला. महिन्यातला सगळ्यात चांगला फोटो होता. तुझ्यासारख्या वर्गात बसून गाणं शिकवणाऱ्यांना हे हाल कळायचे नाहीत.

हल्ली मी कॅमेरा पोटावर लटकवतो, भलतीकडे बघतो आणि खोकून बटण दाबतो. खोकल्यात आवाज लपतो. आईने मला छाती तपासून घ्यायला सांगितलंय.

प्रदर्शन पंधरा तारखेला, शनिवारी संध्याकाळी. सोबत निमंत्रण आहे. कार्डावरचा फोटो बघ: दवाखान्याच्या भिंतीवर माणसाएवढा रंगवलेला कान आणि नेमकी त्याच्याखाली कानाशी हात नेऊन उभी असलेली एक बाई. नाव दिलंय 'ऐकू येतंय का?' जो बघतो तो हसतो. दोनशे कार्डं गेलीसुद्धा. उद्घाटनाला तुझ्या मुख्याध्यापिकाबाईंना बोलावलंय. तुझं नाव सांगताच हो म्हणाल्या. आता तरी खूश हो.

लोभ आहेच, कॅमेऱ्यावरही थोडा असू दे.

तुझा धाकटा

गुरुवार, ता. ६

चि. धाकट्यास अ. उ. आ.

कार्ड मिळालं. तुझे भावोजी बघून पोट धरून हसले. तुझं कौतुक करावं तेवढं थोडं. ऊन कुठून येतं, सावली कुठे पडते, सगळं तुला दिसतं. त्या बाईच्या पर्सचा पट्टा सुतळीने बांधलाय, तेवढं मात्र दिसलं नाही. ती सुतळी तू बांधलीस, माझ्याच स्वयंपाकघरात, स्वतःच्या कलेवर तासभर बोलत.

ती बाई मी आहे. जन्मभर माझ्यासमोर जेवलास, आता एकदा मान वर करून बघ.

डॉक्टरांनी त्या दिवशी सांगितलं की डावा कान गेला, उजवा वर्षभर टिकला तर टिकला. घरी कुणाला बोलले नाही, शाळेत तर नाहीच. बहिऱ्या गाण्याच्या बाईंना कोण ठेवून घेईल? सध्या मुली बेसूर गायल्या तरी मी शाबास म्हणते. मुलींचं माझ्यावर फार प्रेम आहे. आणि तू मुख्याध्यापिकाबाईंना नेमक्या त्याच फोटोपुढे फीत कापायला उभं करणार.

फोटो उतरव. आशीर्वाद त्यानंतर पूर्ववत.

ताई

शनिवार, ता. ८

ती. ताईस

पुढचं 'सा. न.' लिहायला हात धजला नाही. फोटो भिंगाखाली धरला. तूच आहेस. शपथेवर सांगतो, पोटावरून काढलेल्या फोटोत मी माणसं बघतच नाही, आकार बघतो. ते कळलंच, असं तू म्हणशील.

कार्डं परत मागवता येत नाहीत. पण ताई, चेहरा हाताने निम्मा झाकलाय. सख्ख्या भावाने ओळखलं नाही, तिथे तुझ्या बाई कुठून ओळखणार? वीस वर्षांत असा एकच फोटो हाती लागला. तो भिंतीवर ठेवू का? नाही म्हणालीस तर उतरवीन आणि पुन्हा विषय काढणार नाही.

रागावलीस तरी लिहीत राहा.

निर्लज्ज धाकटा

शुक्रवार, ता. १४

चि. धाकट्यास अ. उ. आ.

उत्तराला आठवडा लागला, कारण तू पहिल्यांदाच न खोकता विचारलंस. याची मला सवय नाही. रस्त्यावरच्या बाकीच्यांनाही असं विचारून बघ. नाही म्हणतील, पण तुझी छाती तरी सुधारेल.

राहू दे फोटो. ते नाव मात्र काढ आणि 'माझी बहीण' असं लिही. मग ज्याला हसायचं असेल त्याने स्वतःच्या हिमतीवर हसावं.

भावोजींना सांगितलं. ते म्हणाले, त्यांना वाटायचं मी मुद्दाम उत्तर देत नाही. मी म्हटलं, कधी कधी तसंही असतं. बाईंना ते कार्ड कुणी उलगडून दाखवण्याआधी मीच सांगणार आहे. उद्या शाळा भरायच्या आत.

माया कमी झालेली नाही. दोन दिवस तसं वाटलं होतं.

ताई

ता. क. शनिवार. पत्र टाकायचं राहिलं होतं, म्हणून संध्याकाळच्या आत भावोजींच्या हाती पाठवते. आज सकाळी कार्ड बाईंच्या टेबलावर ठेवलं आणि ही मी, असं सांगितलं. त्यांनी चष्मा लावून फोटो नीट पाहिला. मग विचारलं, सोमवारपासून गाण्याचे तास दुसऱ्या कुणाला दिले तर तुम्ही ग्रंथालय सांभाळाल का? त्यांना ते तीनदा विचारावं लागलं.