गोळी, कॅप्सूल आणि खळीचं भांडं

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला थांबला का? (मागच्या पत्रात उत्तर दिलं असशील, तर ते पत्र मी शोधते आहे.)

एडीएचडीचं निदान झाल्यापासून डॉक्टरीणबाईंनी माझ्यावर दोन औषधं आजमावली. दोन्ही लक्ष टिकवणारीच, पण स्वभाव निराळे. पहिली गोळी चार तासांची. सकाळी नऊला घेतली आणि पुस्तकबांधणीच्या कारखान्यात बसले. समोर ग्रंथालयाचे बारा खंड शिवायला होते. अर्ध्या तासात डोकं असं शांत झालं की वाटलं, शेजारच्यांनी मिक्सर बंद केला. पण दादा, ही गोळी लक्ष देते, ते कुठे द्यायचं हे सांगत नाही. माझी नजर गेली खळीच्या भांड्यावर. त्यावर वर्षानुवर्षांचा वाळलेला थर होता. तो मी एक वाजेपर्यंत खरवडला, दाभणाच्या टोकाने, कडेकडेने. मग गोळी उतरली, आणि मी पुठ्ठा कापणाऱ्या काकांवर विनाकारण खेकसले. मालक आले, भांडं उचलून उजेडात धरलं आणि म्हणाले, "सुरेख झालंय. आता यात पुस्तकं शिजवायची का?"

मग आली दिवसभर टिकणारी कॅप्सूल. ही हळू चढते, हळू उतरते. दुपारी भूक लागत नाही म्हणून घड्याळ बघून जेवावं लागतं. एकदा सकाळी विसरले आणि बारा वाजता घेतली, तर झोपच आली नाही. (बाईंनी ऐकून घेतलं आणि 'दुपारची घ्यायची नाही' असं वहीत ठळक लिहून दिलं.) पण खंड शिवून झाले. घरी ह्यांनी ऑफिसच्या लिफ्टची हकीकत सुरू केली आणि मी ती शेवटपर्यंत ऐकली. वर विचारलं, मग तो लिफ्टवाला परत कामावर आला का? ह्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. अठरा वर्षांत त्यांच्या गोष्टीवर मी पहिल्यांदाच प्रश्न विचारला होता. मग म्हणाले, "तुला बरं वाटत नाहीये का?"

दोन्हींत चांगलं कुठलं, असं मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तसं नसतं, एकाला मानवतं ते दुसऱ्याला मानवेलच असं नाही. म्हणून तर नाडी, रक्तदाब, भूक, झोप सगळं तपासत जायचं. मला कॅप्सूल मानवली.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. बारापैकी सातवा खंड कव्हरात उलटा बसला. त्या दिवशीही कॅप्सूल घेतली होती, त्यामुळे दोष द्यायला कुणी उरलं नाही.

ता. क. २. उरलेल्या गोळ्या पाठव, तिसरी नोकरी जायच्या आत घेऊन बघतो, असं तू लिहिलं होतंस. पाठवणार नाही. तुझा रक्तदाब मला माहीत आहे. मंगळवारी अकराला बाईंकडे तुझं नाव लावलंय. लहानपणी तू कसा होतास हे सांगणारं माणूस सोबत हवं, असं त्या म्हणाल्या. आता तसं एकच उरलंय. मी दहा वाजता तुझ्या दारात असेन.