पांढऱ्या रानातला चाकवत

२२ नोव्हेंबर
पुन्हा दोन रोपं गेली! तीही लाल दोरा बांधलेलीच. बकरी अशी निवडून खाते होय? आणि मुळासकट, मातीसकट?

२३ नोव्हेंबर
ह्यांना सांगितलं. म्हणाले, "भाजीच हाय ती. नेली आसंल कुणी कालवणाला."
भाजी! वाटणीत आमच्या वाट्याला आलेलं हे कॅनॉलखालचं रान खारानं पांढरंफटक. मेथी जळाली, पालक पिवळा पडला, चाकवत तेवढा तगला. बारामतीच्या कृषी केंद्रातल्या रोहिणी मॅडमनी शिकवलं — खारात जे रोप हिरवंगार राहील त्याला दोरा बांधा, खुडू नका, बी त्याचंच धरा. तीन हंगाम तेच करतेय. यंदा चांगलं बी निघालं तर इंदापूरकडच्या खारपड रानांतही द्यायचं म्हणतात. आणि चोर नेमका दोरा बघून येतोय!

२६ नोव्हेंबर
मानसिंग भावजी बांधावर उभे! धाकटे दीर. चांगलं रान त्यांच्या वाट्याला गेलं, तेव्हापासून कधी इकडं फिरकले नाहीत. म्हणाले, "वहिनी, ह्याला पाणी किती देता?"
तुम्हाला कशाला हवं? — ओठावर आलेलं गिळलं.
रान पिकायला लागलं, आता वाटणी फिरवून मागणार. दुसरं काय!

२७ नोव्हेंबर
आज आणखी एक.

१ डिसेंबर
धरलं! भावजीच. हातात घमेलं, वर टॉवेल झाकलेला. "चोर!" — तोंडातून निघूनच गेलं.
त्यांनी टॉवेल काढला. "व्हय, मीच नेली. या, दावतो."
त्यांच्या उसात शिरलो. रस्त्यावरनं बघावं तर डोक्याच्या वर ऊस. आत गेलं की ऊसच नाही. पांढरी जमीन — आमच्यापेक्षा पांढरी! तिच्यात ओळीनं माझी रोपं. दोरे तसेच. हिरवीगार!
"घरात कुणालाबी म्हाईत न्हाय. पोराची सोयरीक चाललीय, पाव्हणं रस्त्यावरनंच बघून जात्यात."
"मागितली असती तर दिली नसती का?"
"मागायचं धाडस झालं न्हाय, वहिनी."
"पण एवढं खारलं कशानं?"
ते रोपांकडंच बघत राहिले. "काय म्हाईत."
चोर म्हणाले मी त्यांना.

२ डिसेंबर
मॅडमना फोन केला. केवढ्या खूश! असल्या रानात जगली म्हणजे बी खरं उतरणार, म्हणाल्या. मग विचारलं, "त्या रानाच्या वरच्या अंगाला कुणाचं रान आहे? खारं पाणी तिकडूनच उतरत असेल."
वरच्या अंगाला आम्हीच आहोत.

३ डिसेंबर
खार धुऊन जावा म्हणून ह्यांनी आपल्या रानातून चर काढलाय. ओढ्याला मिळतो, असं मला सांगितलेलं. आज चराच्या कडेनं चालत गेले. ओढा लांबच राहिला. चर भावजींच्या उसामागं संपतो.
जेवताना विचारलं, "आपल्या चराचं पाणी कुठं जातं हो?"
ह्यांनी भाकरी मोडली. वर बघितलं नाही.